रुग्णवाहिका चालकांना मोफत प्रशिक्षण हवे
बडोद्यात अकोटा–दांडिया बाजार पुलावरून विश्वामित्री नदी ओलांडून सयाजी रुग्णालय गाठताना रुग्णाचा जीव रुग्णवाहिकेच्या चालकावरही अवलंबून असतो. ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालवायला हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, वेगळ्या नोंदीची गरज नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. त्यामुळे रुग्णवाहिका चालवू पाहणाऱ्या होतकरू तरुणांचा एक खर्च वाचला. पण स्ट्रेचर हाताळणे, प्राणवायू लावणे, सीपीआर देणे या गोष्टी परवान्याच्या चाचणीत येत नाहीत. त्या शिकण्याचे शुल्क गरीब घरातल्या मुलाने का भरावे? सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. गुजरात सरकारने हे प्रशिक्षणही तसेच करावे, आणि सुरुवात बडोद्यातून व्हावी.