मालाची किंमत कोणी ठरविली?

आष्टी तालुक्यात शेळी ही गरिबाची ठेव. तीच चोरल्याचा आळ एखाद्या मजुरावर आला की घरचे घाबरतात, आणि फिर्यादीतील किमतीकडे कोणाचे लक्षच जात नाही. बंधुभगिनींनो, तो आकडा निमूटपणे मान्य करू नका.

1860 च्या दंडसंहितेत साध्या चोरीची शिक्षा मालाच्या किमतीवर अवलंबून नव्हती. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेने हा भेद केला आहे. कलम 303 अन्वये माल 5,000 रुपयांहून कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल वा त्याची किंमत परत केली असेल, तर कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा होते. असा गुन्हा जामीनपात्र व अदखलपात्र होय. दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून पोलिसांना तपास करता येत नाही. आकडा 5,000 ला पोचला की तीन वर्षांपर्यंतची कैद संभवते.

म्हणून विचारा: किंमत कशावरून धरली? बाजाराची पावती आहे काय? जनावराचे वय व वजन पंचनाम्यात आहे काय? मात्र घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाल्याचा आरोप असेल, तर कलम 305 लागते व ही सवलत राहत नाही. आणि ज्याने चोरी केलीच नाही, त्याने किमतीच्या वादात आपले निर्दोषत्व सोडू नये.

वकिलास द्यावयास पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांचाही त्यांत समावेश आहे. जातीचा दाखला घ्या आणि तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा.