उंदीर मेला, पिसवा उठल्या

दिवाळीच्या सुमारास वडवणीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील. कोयता बांधायच्या आधी एवढं वाचा.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा फार झाल्या, उंदीर मरून पडू लागले. मग माणसांना ताप आला, जांघेत-काखेत गाठी उठल्या. प्लेग! देशात १९६६ नंतर त्याचा रुग्ण नोंदला नव्हता. सावित्रीमाईंचा जीव घेणारा तो रोग संपला, असंच लोक धरून चालले होते.

तो संपत नाही. रानातल्या उंदरांत टिकून राहतो आणि पिसवांवाटे घरच्या उंदरांत येतो. उंदीर मेला की गार पडलेलं अंग सोडून पिसवा ऊब शोधतात. शेजारी निजलेलं लेकरूही त्यांना चालतं. म्हणून उंदीर आपोआप मरू लागले, तर शेपटीला धरून गल्लीत फेकू नका, आरोग्य केंद्रात कळवा. अशा वेळी नुसतं उंदराचं औषध वाटणं आम्हाला धोक्याचं वाटतं. आधी पिसवांवर फवारणी, मग उंदीर. आणि वस्ती घाण म्हणून रोग येतो असं म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, गावात कचऱ्याची गाडी सगळ्यात शेवटी कुठल्या गल्लीत येते?

फडावरची भीती वेगळी. उंदरांवर आणि गवतात बारीक किडे असतात, डोळ्याला धड दिसतही नाहीत. ते चावले की स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूरकडे त्यानं माणसं गेली. ताप, डोकं ठणकणं, अंगदुखी. आपण मलेरिया समजून गोळी गिळतो आणि कामावर जातो. चावलेल्या जागी कधी बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली असते. ती बहुधा काखेत, जांघेत, छातीखाली. दुखत नाही, खाजत नाही. बाई ती दाखवत नाही आणि डॉक्टरही लुगड्याआड बघत नाहीत. नर्स म्हणून आम्ही हे संकोच फार पाहिले. पोरींनो, लाजू नका. नर्सला बोलवा, खपली दाखवा, ‘उसाच्या फडात राहते’ हे आपणहून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे साधं, स्वस्त औषध वेळेत सुरू झालं तर माणूस वाचतो. खपली नसली तरी हा रोग असू शकतो, हेही डॉक्टरला विचारा.

कोप घालायची जागा मुकादम दाखवतो. गवत काढलेली, बांधापासून लांबची जागा मागा, लेकरांना भुईवर निजवू नका. उचल घेतानाच हे बोलून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.