‘चरबीचीच गाठ आहे हो’

कुत्र्यांच्या दवाखान्यात ऐकू येणाऱ्या वाक्यांपैकी मला सगळ्यात जास्त चीड आणणारं वाक्य हे : ‘चरबीची गाठ आहे, काही नाही, लक्ष ठेवा.’ डॉक्टर ते दोन बोटांनी गाठ चाचपत म्हणतात, आपण सुटकेचा श्वास टाकतो, फी देतो आणि घरी येतो. घरी आल्यावर लक्षात येतं की लक्ष म्हणजे नेमकं कशावर ठेवायचं, किती दिवस ठेवायचं आणि काय झालं तर परत यायचं, हे कोणी सांगितलंच नाही. मग लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं, एवढाच अर्थ उरतो.

बोटांना काही गोष्टी कळतात. गाठ मऊ आहे की टणक, कातडीबरोबर सरकते की खालच्या मांसाला चिकटली आहे, हात लावल्यावर कुत्रं अंग चोरतं का. गाठ कशाची बनली आहे हे मात्र बोटांना कळत नाही. कोणाच्याच नाही, तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांच्याही नाही. चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मऊ आणि सरकती असते हे खरं. पण मास्ट सेल ट्यूमर हा कुत्र्यांच्या कातडीचा कॅन्सरही कधी कधी तसाच मऊ आणि सरकता लागतो. तोच कधी चामखिळीसारखा दिसतो, कधी डास चावल्यावर येते तशा लाल पुळीसारखा. पक्का बहुरूपी. शिवाय या पेशींमध्ये हिस्टामीन भरलेलं असतं, त्यामुळे गाठ आज फुगते, परवा बसते. ती बसली की घरातलं कोणीतरी विजयी स्वरात म्हणतं, ‘बघ, कमी झाली की नाही!’ ती कमी झालेली नसते.

मी हे पुस्तकी शहाणपण सांगत नाहीये. आमची सोनी नऊ वर्षांची, सहा किलोची. लोक तिला पॉमेरियन म्हणतात, खरं तर ती आपल्याकडची स्पिट्झ. पुढच्या डाव्या पायाच्या काखेत तिला वाटाण्याएवढी गाठ लागली. आईने एरंडेल तेल काढलं, खालच्या मजल्यावरच्या काकांनी चुना-गूळ सुचवला. डॉक्टरांनी वीसेक सेकंद चाचपून चरबीचं निदान केलं. ‘सुई घालून बघता येईल का?’ मी विचारलं. ‘तुम्ही लोक गूगल फार वाचता. वयोमानानुसार येतात अशा गाठी.’ हे म्हणताना ते हसत होते, आणि माणूस म्हणून ते वाईट नाहीत हेही सांगते. पण मी गाठीत काय आहे ते विचारलं होतं, आणि उत्तर मिळालं माझ्या वाचनाच्या सवयीवर.

त्याच आठवड्यात दुसरीकडे गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फार न बोलता सुई घातली. मास्ट सेल निघाला. ऑपरेशन झालं, गाठ लो-ग्रेडची आणि कडा स्वच्छ असा रिपोर्ट आला, आणि सोनी आज माझ्या उशीवर झोपते. चार महिन्यांनी तिच्या पोटावर दुसरी गाठ आली. तिच्यातही सुई घातली. ती खरोखर चरबीची निघाली, म्हणून तिला कोणी हात लावलेला नाही. पहिले डॉक्टर दुसऱ्या गाठीबद्दल बरोबर ठरले असते. पण बरोबर ठरणं आणि माहीत असणं यांत फरक आहे.

आता कुत्रं लहान असण्याचा मुद्दा. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि त्याच्याबद्दलच कोणी बोलत नाही. मास्ट सेल काढताना नुसती गाठ काढून चालत नाही. तिच्या पेशी आजूबाजूला पसरलेल्या असू शकतात, म्हणून चहूबाजूंनी चांगली दिसणारी कातडी आणि खालचा एक थरही काढावा लागतो. वर्षानुवर्षं पाळली गेलेली पद्धत दोन सेंटिमीटर कडा ठेवण्याची आहे. लो-ग्रेड गाठींसाठी आता अनेक सर्जन गाठीच्या रुंदीएवढी कडा ठेवतात, जास्तीत जास्त दोन सेंटिमीटर. मग गणित करा. गाठ अर्ध्या सेंटिमीटरची असेल तर दीड सेंटिमीटरचा तुकडा जाईल. तीच दोन सेंटिमीटरची होईपर्यंत थांबलात तर सहा सेंटिमीटरचा. लॅब्रेडॉरच्या पाठीवर सहा सेंटिमीटर म्हणजे काही नाही, कातडी ओढून टाके घातले की झालं. चिहुआहुआच्या, पगच्या, सहा किलोच्या स्पिट्झच्या पायावर सहा सेंटिमीटर कातडी असतेच कुठे? तिथे मग दुसरीकडची कातडी फिरवून आणावी लागते, कधी पायच काढावा लागतो. ‘एवढंसं तर कुत्रं, एवढीशी तर गाठ’ हे आपलं लाडकं वाक्य म्हणूनच उलटं वाचायला हवं. कुत्रं एवढंसं आहे म्हणूनच गाठ एवढीशी असताना सुई घालायची.

ती सुई म्हणजे काय, तेही सांगते, कारण ‘बायोप्सी’ हा शब्द ऐकूनच निम्मे लोक पळतात. ही बायोप्सी नव्हे. लस टोचतात तसलीच बारीक सुई असते. भूल द्यावी लागत नाही. सुई गाठीत तीन-चार वेळा आतबाहेर करायची, आत जे अडकेल ते सिरिंजने काचपट्टीवर उडवायचं, वाळवून रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. चरबी असेल तर काचेवर तेलकट थेंब दिसतात आणि ते वाळतच नाहीत. मास्ट सेल असेल तर जांभळ्या कणांनी ठासून भरलेल्या गोल पेशी दिसतात. सोनीला लसीपेक्षा जास्त त्रास झाला नाही. आम्ही त्याचे ७०० रुपये दिले. तिच्या पार्लरच्या एका फेरीला यापेक्षा जास्त लागतात.

सुईने कॅन्सर पसरतो, असं मला निदान चार जणांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मूत्राशयाच्या एका कॅन्सरबाबत ही भीती खरी आहे, आणि तिथे डॉक्टर पोटातून सुई घालणं टाळतात. कातडीवरच्या गाठीच्या बाबतीत या भीतीने चाचणी टाळायचं कारण नाही. सुईने दर वेळी उत्तर मिळतंच असंही नाही. कधी नुसतं रक्त येतं, कधी पेशी पुरेशा मिळत नाहीत, मग पुन्हा टोचावं लागतं किंवा तुकडा काढून तपासावा लागतो. पण सुईचं उत्तर अपुरं असू शकतं म्हणून बोटांचं उत्तर पुरेसं ठरत नाही.

दुसरा राग रील्सवर. कुत्र्याच्या पाठीवरची गाठ पिळायची, आतून टूथपेस्टसारखा पांढरा ऐवज बाहेर काढायचा, खाली ‘सो सॅटिस्फाइंग’. तुम्हीही बघितली असतील, मीही बघितली आहेत, नजर हटत नाही हेही मान्य. पण त्या गाठीला भिंत असते. तो पांढरा ऐवज म्हणजे केरॅटिन, नखं-केस ज्याचे बनतात तेच. पिळल्यावर ते बाहेर येतं तसंच भिंत फाटून आतही जातं, आणि आत गेलं की शरीर त्याला परकं समजून लढायला उठतं. सूज, पू, वेदना. भिंत आत शिल्लकच राहिल्यामुळे गाठ पुन्हा भरते ती वेगळीच. रीलमध्ये आठवड्यानंतरचा व्हिडिओ कधी नसतो. आणि जी पिळली ती केरॅटिनची गाठ नसून मास्ट सेल असली तर? चोळल्या-दाबल्याने तिच्यातलं हिस्टामीन सुटतं, भोवती लाल सूज येते, कुत्र्याला उलट्याही होऊ शकतात. म्हणून पाहुण्यांना ‘हात लावून बघा ना’ असं म्हणत गाठ दहा हातांखालून फिरवणंही बंद करा.

एरंडेलाने बहुधा काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो. चुन्याने कातडी भाजते. टी ट्री ऑइल ‘नॅचरल’ असलं तरी कुत्र्यांना विषारी आहे, आणि लहान कुत्र्याला विषबाधा व्हायला थोडंसंही पुरतं. आपल्या गोळ्यांच्या डब्यातलं आयबुप्रोफेन नको. आणि स्टिरॉइड तर निदानाआधी मुळीच नको. त्याने मास्ट सेलची गाठ तात्पुरती आकसते, सगळे खूश होतात आणि खरं चित्र पुसलं जातं.

आता घाबरवणंही पुरे. प्रत्येक गाठ कॅन्सर नसते, बहुतेक नसतात. कित्येक लोक ‘गाठ’ म्हणून जे दाखवायला आणतात ते कुत्र्याचं स्तनाग्र असतं. नर कुत्र्यांनाही ती असतात, आणि गोचीड समजून ती उपटायचा प्रयत्न करणारे महाभाग आहेत. दोन-तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्याला अचानक लाल बटणासारखी गाठ आली तर ती हिस्टिओसायटोमा असू शकते, आणि ती बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप जाते. लस टोचल्या जागीही काही दिवस गाठ राहते. म्हाताऱ्या पूडलच्या अंगावर चामखिळींसारखे फुलकोबीचे तुकडे उगवतात, ते बहुतेकदा तेलग्रंथींचे असतात. पगला मास्ट सेल जास्त होतात, एकाच वेळी अनेकही होतात, पण त्यातले बरेचसे सौम्य वागतात. २००३च्या हचच्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले. ज्यांनी ते विकले त्यांच्यापैकी कोणी ही गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली असेल, असं मला वाटत नाही.

मादी कुत्रीच्या स्तनांतल्या गाठींवर वेगळा लेख लागेल, पण एक भांडण इथेच उरकते. ‘एकदा तरी आई होऊ द्या तिला, मग ऑपरेशन करा.’ एकदा पिल्लं झाल्याने गाठींपासून संरक्षण मिळतं याला आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी नसबंदी केली तर धोका फार घटतो, असं १९६९च्या एका अभ्यासापासून सांगितलं जातं. २०१२ साली हा सगळा पुरावा पुन्हा तपासला गेला तेव्हा तो समजला जातो तितका भक्कम नाही असं दिसलं, हेही खरं. पण तो ‘एकदा आई’ या बाजूने तर अजिबात नाही. मातृत्वाची ही हौस आपली असते, कुत्रीची नव्हे. आणि स्तनातली गाठ बोटांना लागली तर ‘लक्ष ठेवा’ मुळीच नाही. तिथे सुईवरही फार भिस्त ठेवता येत नाही, ती काढून तपासायला पाठवावी लागते.

डॉक्टर सुई का घालत नाहीत? आळस हे सोपं उत्तर झालं. बाहेर लोक ताटकळत असतात. सुईचे पैसे सांगितले की मालक ‘लुटतात हो’ म्हणतो. छोट्या गावात काचपट्टी वाचणारा नसतो. आपली सरकारी पशुवैद्यकीय व्यवस्था गाईम्हशींसाठी उभी राहिली आणि ते योग्यच होतं. पण परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. आज नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. तिथे पॅथॉलॉजी शिकवली जाते, विद्यार्थ्यांना बघायला काचपट्ट्या लागतात. वाळलेली काचपट्टी कुरिअरने जाते, तिला बर्फही लागत नाही. गावातल्या डॉक्टरने सुई घालावी, काच पाठवावी, ठरावीक छोट्या फीमध्ये चार दिवसांत फोनवर उत्तर यावं. याला नवी इमारत लागत नाही, मंत्र्याची फीत लागत नाही. महाविद्यालयांनी हे जाहीरपणे, दरपत्रक लावून करावं, अशी माझी मागणी आहे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करा. अमेरिकेतल्या सू एटिंगर या प्राण्यांच्या कॅन्सरतज्ज्ञ एक साधा निकष सांगतात : गाठ एक सेंटिमीटरची, म्हणजे साधारण वाटाण्याएवढी झाली आणि महिनाभर टिकली, की सुई. रविवारी कुत्र्याला विंचरताना अंगभर हात फिरवा, काखा, जांघा, बोटांच्या मधल्या जागाही. गाठ सापडली तर शेजारी नाणं धरून फोनवर फोटो काढा, म्हणजे आकार आणि तारीख दोन्ही राहतात. मग डॉक्टरांकडे जाऊन नीट, आवाज न चढवता विचारा : ‘यात सुई घालून बघाल का?’ नाही म्हणाले तर कारण विचारा. कारण पटण्यासारखं असू शकतं. कारणाऐवजी तुमच्या गूगलचा उद्धार झाला, तर फी द्या, फाइल मागून घ्या आणि दुसरा दवाखाना गाठा.