लकवा मारला? तपासणीआधी पाण्याचा घोटही नको!

यवतमाळ जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो,

घरात कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, जीभ अडखळली की कुणी पाण्याचा तांब्या घेऊन धावतो, कुणी चहा टाकतो, कुणी झाडपाल्याचा रस आणतो. हात जोडून सांगतो, थांबा! रुग्णाच्या तोंडात काहीच घालू नका. पाणी नाही, गोळीही नाही.

लकव्यात घसाही लुळा पडू शकतो. सुरुवातीला जवळपास निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. घोट श्वासनलिकेत उतरतो, न्यूमोनिया होतो आणि झटक्यातून वाचलेला माणूस त्यानं दगावतो. घशाची संवेदनाच गेली असेल, तर ठसकासुद्धा लागत नाही. ठसका नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

लगेच 108 ला फोन लावा. रुग्णवाहिका मोफत आहे. शुद्ध हरपली असेल, तर कुशीवर निजवा. त्रास कधी सुरू झाला, ती वेळ डॉक्टरांना सांगा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन पाहून. उमरखेड किंवा झरी-जामणीहून यवतमाळ गाठण्यातच बराच वेळ जातो. गावात आणखी दवडू नका.

दवाखाना सरकारी असो वा खासगी, पहिला घास देण्याआधी विचारा : ‘गिळण्याची तपासणी झाली का?’ या तपासणीत रुग्णाला ताठ बसवून चमच्यानं थोडं थोडं पाणी देतात. खोकला येतो का, घोटानंतर आवाज ओला, घोगरा होतो का, हे पाहतात. गिळणं धोक्याचं असेल, तर नाकातून नळी घालतात. तिला घाबरू नका, ती उपसू देऊ नका. पुष्कळ जणांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांकडून व्यायाम शिकून घ्या.

घरी आल्यावर :

• ताठ बसवूनच भरवा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नका.
• पातळ पाणी-चहा सर्वांत धोक्याचे. पेज, वरण किती घट्ट हवं, ते तज्ज्ञांना विचारा.
• घास लहान द्या. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साचलंय का, पाहा.
• दात, जीभ रोज स्वच्छ करा.
• ताप, धाप किंवा छातीत घरघर दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आशाताई, सरपंच, शिक्षकहो, हे ग्रामसभेत वाचून दाखवा. पंचायतीच्या फळ्यावर आजच लिहा : लकवा आला, 108 लावा. तोंडात काही घालू नका. आधी गिळण्याची तपासणी, मगच घास.