मागचा डबा ढकलतो ते इंजिन?

परवा मॉडेल रेल्वे जमवणाऱ्या एका मित्राशी जोरदार वाजलं. त्याचं म्हणणं, "जुनी ट्राय-अँग इंजिनं म्हणजे भंगार. रबरी टायर आले तेव्हा कुठे ती डबे ओढायला लागली." च्यायला! आयुष्यात कधी मोटर न उघडलेला माणूसच असं बोलू शकतो.

मोटर कितीही दांडगी असू दे, रुळावर पकड नसेल तर चाकं जागच्या जागी गरगरणार. पकड म्हणजे फिरत्या चाकांवरचं वजन गुणिले घर्षणांक. अकरावीचं फिजिक्स आहे हो! हॉर्नबी डब्लोने १९३८पासून वजनाचा रस्ता धरला, बॉडीच ओतीव धातूची. ट्राय-अँगची बॉडी प्लास्टिकची, म्हणून त्यांनी साठच्या दशकात मॅग्नाडहेजन काढलं. इंजिनात चुंबक, पोलादी रुळाला ओढून धरणारा. आयडिया झकास, पण निकेल सिल्व्हरच्या रुळावर चुंबक काय करणार, कप्पाळ?

मग सत्तरच्या दशकात हॉर्नबीने मोटर टेंडरमध्ये, म्हणजे मागच्या कोळशाच्या डब्यात टाकली आणि तिथल्या चाकांना रबर चढवलं. इंजिन स्वतः काही करतच नाही, मागचा डबा त्याला ढकलतो! पुढची मोठी चाकं नुसती मिरवायला. दांडे जरा अडकले की तीही न फिरता घासत जातात. वर रबरातून वीज जात नाही, म्हणजे ती चाकं रुळावरून करंट घ्यायच्या कामातून बाद. आणि काही वर्षांनी रबर कडक होऊन तडकतं ते वेगळंच. रिलीजच्या आदल्या रात्री पॅच मारून मोकळं व्हायचं, डिट्टो तेच.

आता ट्राय-अँगची एक्स-ओ-फोर मोटर बघा. उघडी फ्रेम, शाफ्टवरचा वर्म थेट चाकाच्या आसावरच्या गिअरला. एकच स्प्रिंग दोन्ही ब्रश दाबून धरते. तिच्या एका पायावर इन्सुलेशनची बारीक नळी असते, ती हरवली की शॉर्ट (अनुभवाचे बोल :) ). तेल धरायला फेल्टचा तुकडा. एका स्क्रूड्रायव्हरवर जवळपास सगळं सुटं होतं.

दोष आहेत, मान्य. हळू चालवताना धक्के देते. वर्ममुळे चाकं मोटरला फिरवू शकत नाहीत, त्यामुळे रूळ मळका असला की गाडी जागच्या जागी थांबते. आर्मेचर काढताना चुंबकाला लोखंडी पट्टी लावली नाही तर चुंबक कमजोर पडतो. पण यातलं काय दुरुस्त होत नाही, सांगा ना!

इंग्लंडला ऑनसाइट असताना रविवारच्या बाजारात घेतलेलं माझं इंजिन वयाने बाबांच्या बरोबरीचं असेल. नवे ब्रश, दोन थेंब तेल, आणि गेल्या रविवारी सहा डबे ओढले. मित्राचं टेंडरवालं दोन वर्षं कपाटात आहे. टायर आणायचे राहिलेत म्हणे.