नावे बदलली, औषध तेच : गोचिडांच्या वाढत्या प्रतिकारशक्तीचा इशारा

रायपूर : हवा उष्ण आणि दमट झाली की जनावरांवर गोचिडांचा प्रादुर्भाव वाढतो. त्याबरोबर पशुपालकांची तक्रारही वाढते : औषध फवारले, तरी गोचीड मरत नाहीत. अशा वेळी पहिला संशय बनावट औषधाचा येतो आणि काही वेळा तो खराही ठरतो. मात्र देशाच्या विविध भागांतील पशुवैद्यक संशोधनातून समोर आलेले कारण अधिक गंभीर आहे. प्रचलित कीटकनाशकांना, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातील औषधांना, गोचीड दाद देईनासे झाले आहेत.

छत्तीसगडच्या राजधानीला लागून असलेल्या भनपुरीसारख्या भागात हा प्रश्न अधिक अवघड होतो. बिलासपूर मार्गावरील हा पट्टा कारखाने, लाकडाच्या वखारी आणि मालवाहतुकीसाठी ओळखला जातो. शहराच्या अशा कडेला गोठा, रस्ता आणि चराईची जागा यांच्यात सीमारेषा उरत नाही. एका पशुपालकाने आपल्या गाई स्वच्छ ठेवल्या, तरी शेजारच्या मोकाट जनावरांवरून पडलेले गोचीड पुन्हा त्यांच्याच अंगावर चढतात. राज्यातील मोकाट जनावरांची चर्चा आजवर प्रामुख्याने अपघात आणि वाहतुकीच्या अंगाने झाली. पशुआरोग्याच्या अंगाने ती क्वचितच होते.

प्रतिकारशक्ती कशी वाढते, हे समजणे कठीण नाही. कोणत्याही समूहात औषधाला न जुमानणारे मोजके गोचीड असतातच. फवारणीत बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जमिनीवर पडून 2 ते 3 हजार अंडी घालते. त्यामुळे मूठभर गोचीड वाचले, तरी काही पिढ्यांत गोठ्याचे चित्र पालटते. कमी मात्रेचे द्रावण, केवळ पाठीवर उडवलेली फवारणी आणि तेच औषध वर्षानुवर्षे वापरणे यामुळे ही निवड वेगाने होते. पिकांसाठीचे कीटकनाशक अंदाजाने जनावरांवर वापरण्यात विषबाधेचा धोकाही आहे.

बाजारातील नावांमुळे गोंधळ वाढतो. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन आणि फ्लुमेथ्रिन ही तीन निराळी औषधे वाटतात, पण तिन्ही पायरेथ्रॉइड गटातीलच आहेत. त्यामुळे एकाचा गुण येईना म्हणून दुसरे आणले, तर बाटली बदलते, औषधाची क्रिया बदलत नाही. ॲमिट्राझचा गट वेगळा आहे, आयव्हरमेक्टिनचा त्याहून वेगळा. बदल करायचा तो गटाचा, आणि तोही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने. दुभत्या जनावराला आयव्हरमेक्टिन दिल्यास त्याचा अंश दुधात उतरतो. म्हणजे गोठ्यातील चूक ग्राहकाच्या पेल्यापर्यंत पोहोचते.

या वाटेने ऑस्ट्रेलिया आधीच जाऊन आला आहे. तेथे 1872 मध्ये डार्विन बंदरात उतरलेल्या जनावरांबरोबर गोचीड पोहोचले. 1890 च्या दशकात आर्सेनिकच्या हौदांतून जनावरे बुचकळून काढण्यास सुरुवात झाली. 1930 च्या दशकात गोचीड आर्सेनिकला दाद देईनासे झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आले आणि 1950 च्या दशकात तेही निष्प्रभ ठरू लागले. अखेर त्या देशाने औषधांबरोबर कुरणांना विश्रांती, 1994 मध्ये बाजारात आलेली गोचीडविरोधी लस आणि पैदास धोरण यांचा आधार घेतला. त्या पैदाशीसाठी भारतीय उपखंडातील साहिवाल आणि लाल सिंधी या वंशांचा उपयोग करण्यात आला.

भारतात मात्र संकरित गाईंची संख्या वाढत आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत विदेशी व संकरित गोवंशाची संख्या 5 कोटींवर गेली. 2012 च्या तुलनेत ही वाढ सुमारे 27 टक्के आहे. या गाई दूध अधिक देतात, परंतु गोचीड आणि त्यांच्यापासून होणारे थायलेरिओसिस, बबेसिओसिस यांसारखे आजार त्यांना देशी जनावरांपेक्षा अधिक बाधतात. महाराष्ट्रातील दूधपट्ट्यात ‘गोचीड ताप’ हा शब्द घरोघरी परिचित आहे तो यामुळेच. छत्तीसगडच्या मैदानी भागातील कोसली गाय दुधाला कमी, पण काटक आहे. पैदास धोरण ठरवताना या काटकपणाचेही मोल धरावे लागेल.

धोका जनावरांपुरता मर्यादित नाही. जानेवारी 2011 मध्ये गुजरातमध्ये क्रायमियन-काँगो तापाचा देशातील पहिला उद्रेक झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याचे निदान केले. हायलोमा जातीचे गोचीड या विषाणूचा प्रसार करतात. अंगावरून काढलेले गोचीड हाताने चिरडू नयेत, हा सल्ला म्हणूनच महत्त्वाचा आहे.

उपाय उपलब्ध आहेत, पण ते सुटे सुटे करून भागत नाही. कोणत्याही वेळी बहुसंख्य गोचीड जनावरावर नव्हे, तर भेगांत, शेणात आणि गवतात अंडी किंवा पिल्लांच्या अवस्थेत असतात. म्हणून गोठ्याच्या भेगा बुजवणे, भिंतींना चुना लावणे आणि नव्या जनावराला काही दिवस वेगळे ठेवणे हे फवारणीइतकेच आवश्यक आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने लसूण, कडुनिंब, वेखंड, हळद, तुळस आणि घाणेरीचा पाला यांपासून तयार होणाऱ्या पारंपरिक मिश्रणाचा प्रसार केला आहे. थायलेरिओसिसवर ‘रक्षावॅक-टी’ ही लस उपलब्ध आहे. ती रोगापासून संरक्षण देते, गोचीड मारत नाही.

खरी उणीव चाचणीची आहे. गोचिडांच्या पिल्लांना औषध लावलेल्या कागदी पाकिटात ठेवून परिणाम पाहण्याची पद्धत जुनी आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची शिफारस केली आहे. तिला फार महागडी यंत्रणा लागत नाही. रायपूरजवळच दुर्ग येथे कामधेनू विद्यापीठ आहे. तालुकानिहाय नमुने तपासून कोणता गट कोठे चालतो, हे पावसाळ्यापूर्वी जाहीर झाल्यास पशुपालकाचा पैसा आणि औषधाचे आयुष्य दोन्ही वाचतील.

छत्तीसगडमध्ये खरीप हंगामात जनावरे मोकळी न सोडण्याची ‘रोका-छेका’ ही ग्रामप्रथा आहे. 2020 मध्ये राज्य सरकारने तिला मोहिमेचे रूप दिले होते. पिकाच्या रक्षणासाठी जनावरे एकत्र येतात, तीच वेळ संपूर्ण गावाच्या कळपावर एकाच दिवशी, योग्य मात्रेत उपचार करण्याची आहे. तसे न झाल्यास एकत्र बांधलेली हीच जनावरे एकमेकांना गोचीड देतील. नवे औषध बाजारात येण्यास वर्षे लागतात आणि गोचिडांना त्याची सवय होण्यास त्याहून कमी काळ पुरतो. हाती असलेली औषधे टिकवणे, हाच तूर्त सर्वांत स्वस्त मार्ग आहे.