आधी वाटणी, मग बांध

पाण्यावरच्या परिसंवादांत हल्ली दोन भाषणे हमखास होतात. पहिले निवृत्त अभियंत्याचे: जुने बंधारे त्या काळापुरते ठीक होते, आजच्या लोकसंख्येला आणि आजच्या पिकांना ते कुठे पुरणार? दुसरे भाषण ‘पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ म्हणणाऱ्याचे. त्याच्या हिशेबाने तलाव-बंधाऱ्यांतला गाळ काढला की दुष्काळ हटला. टाळ्या अर्थातच दुसऱ्याला जास्त पडतात. माझे भांडण दोघांशीही आहे, आणि त्यासाठी मी खानदेश-बागलाणातली फड पद्धत मध्ये घेतो. दोघेही तिचा दाखला देतात आणि दोघेही तिच्यातली मुख्य गोष्ट गाळतात.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून दगडी बंधाऱ्यांच्या साखळ्या आहेत. असा बंधारा पाणी साठवायला नसतो. नदीची पातळी थोडी उचलून पाणी पाटात घालायचे, एवढेच त्याचे काम. पाटाखालच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले असतात, साधारण तीन किंवा चार. हा प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात त्या हंगामाला एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भुसार, एखादा पडीक, आणि पुढे फेरपालट. कोणत्या फडात काय घ्यायचे हे शेतमालक एकटा ठरवत नाही, पंच आणि गावकरी बसून ठरवतात.

पाळी सुरू झाली की पाटकरी फावडे घेऊन फडात उतरतो. शेतमालक तिथे असलाच पाहिजे असे नाही. पाटकरी चारीचे दार मोडतो, वाफा भरला की मातीचे ढेकूळ टाकून ते बुजवतो, पुढचे मोडतो. हा वाफा सरपंचाचा की विधवेचा, हे बघायचे त्याला कारणच पडत नाही. सगळ्या फडात पीक एक, त्यामुळे तहानही एक. कोणाला जास्त पाणी हवे, कोणाला आधी हवे, हा वाद पेरणीआधीच मिटलेला असतो. रात्री पाट फोडू नये म्हणून जागल्या फिरतो, आणि पाटातला गाळ काढायला प्रत्येक वाटेकऱ्याने अंगमेहनत द्यायची किंवा माणूस द्यायचा.

खरी परीक्षा कमी पावसाच्या वर्षी. नदीला पाणी कमी असेल तर तेवढे फड कमी भिजवायचे. कोणाचा वाटा रद्द होत नाही, सगळ्यांचाच आक्रसतो. हे शक्य होते ते बहुतेकांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत विखुरलेले असल्यामुळे. एक फड कोरडा राहिला तर प्रत्येकाचे थोडे बुडते, कोणा एकाचे सगळे बुडत नाही. आता गंमत पाहा. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्याच्या नजरेने पाहिले तर अशी विखुरलेली जमीन म्हणजे मागासलेपणाचा नमुना. एका जागी, सलग जमीन म्हणजे प्रगती. पण फडाखालच्या शेतकऱ्याला तो विखुरलेला तुकडाच दुष्काळाचा विमा होता, आणि त्याचा हप्ता भरायला कुठल्या कचेरीत जावे लागत नव्हते.

तर आधी अभियंत्याचा आक्षेप. फड लहान आहे, हे खरेच. उताराची जमीन आणि पावसाळ्यानंतरही काही महिने वाहणारी नदी असेल तिथेच तो चालतो. लातूर-धाराशिवच्या पठारावर फड बांधा, असे कोणी म्हणत असेल तर त्याला नकाशा दाखवावा. पण ‘लहान म्हणून कालबाह्य’ हे तर्कशास्त्र चुकीचे आहे, आणि त्याला उत्तर अभियंत्यांच्याच घराण्यातून देता येते. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात लागले आणि नोकरीच्या सुरुवातीलाच खानदेशात आले. साक्री तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी सायफन बांधला. पुढे दख्खनच्या कालव्यांवर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत सुचवली: लाभक्षेत्राचे ठरावीक गट पाडायचे, त्यांत पिके वाटून द्यायची, फेरपालट करायची, पाणी थोड्या गावांत तुंबू न देता जास्त गावांत पसरवायचे. फड पाहिलेल्या माणसाला ही कल्पना सुचणे हा निव्वळ योगायोग नसावा, असे मला वाटते. जे तत्त्व मोठ्या कालव्यावर चालवावेसे वाटले, ते आकाराने लहान जागी जन्मले म्हणून टाकाऊ कसे ठरते?

आता टाळ्या घेणाऱ्या दुसऱ्या वक्त्याकडे. फडाचे गोडवे गाताना तो सांगत नाही की पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला होता. ज्याला फडात जमीन नाही त्याला पाण्याचा थेंब नाही. त्याने फार तर मजुरी करावी. पंचांत बायका नव्हत्या. पाटकरी आणि जागल्या यांचे कष्ट बलुतेदारीच्या हिशेबात मोजले जात, आणि त्या हिशेबात कोणाच्या पदरात किती पडते हे जातीवरून ठरे. हे सगळे झाकून ‘समतेचा आदर्श’ म्हणून फड मिरवणे म्हणजे अर्धी गोष्ट सांगणे. आणि जे फड मोडले ते गाळ साचल्यामुळे नाही. वर धरणे झाली, नदीचे वाहणे धरणाच्या दारावर अवलंबून राहू लागले. विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. ज्याच्याकडे मोटार, त्याला पंचांची बैठक नकोशी झाली. त्याला मनाला येईल तेव्हा, मनाला येईल ते पीक घ्यायचे होते. अशा गावात बंधारा नवाकोरा बांधून दिला तरी फड परत येत नाही.

हीच चूक आपण सरकारी पैशाने राज्यभर केली. जलयुक्त शिवार अभियानावर साडेनऊ हजार कोटींहून जास्त खर्च झाला. कॅगच्या 2020 च्या अहवालाने भूजल वाढवण्यात आणि पाण्याची गरज भागवण्यात त्याचा परिणाम फारसा दिसत नाही असे म्हटले. या अभियानात काही चांगले झालेच नाही, असे मी म्हणणार नाही. अनेक गावांत विहिरींना जास्त काळ पाणी टिकले. पण ते पाणी कोणी उपसायचे हे ठरवले नाही, मग ज्याची बोअर खोल त्याने उपसले. नाला खोल करताना जेसीबीने मुरमाचा थर उघडा पाडला, तर आजूबाजूच्या विहिरींचे पाणी नाल्यात उतरते. हे कळायला भूशास्त्र शिकावे लागत नाही. शेततळ्याचे तर विचारूच नका. पाऊस साठवायचा म्हणून अनुदान घ्यायचे, प्लास्टिक अंथरायचे आणि उन्हाळ्यासाठी ते बोअरच्या पाण्याने भरून ठेवायचे. सगळ्यांच्या जमिनीखालचे पाणी एकाच्या हौदात आले आणि उन्हाने वाळत बसले. याला जलसंधारण म्हणायचे?

वाटणी आधी ठरवली की काय होते, याचे दाखले आपल्याकडेच आहेत. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा: पाणी जमिनीवर नव्हे, माणसावर. माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस वर्ज्य. फडाने जे कधी केले नाही ते इथे झाले. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणावर बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे यांनी ओझरच्या शेतकऱ्यांना एकत्र आणले; नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी वापर संस्था आधी उभ्या राहिल्या त्या कालव्याच्या शेपटाकडे, जिथे पाणी पोहोचतच नव्हते. धरण सरकारी, कालवा सरकारी, पण पाळी लावणारे हात शेतकऱ्यांचे. मोठे की लहान, जुने की नवे, हा वाद तिथे निकालात निघाला.

म्हणून माझी मागणी सोपी आहे. बंधारा, नाला खोलीकरण, शेततळे, यांतल्या कशालाही पैसा मंजूर करण्याआधी ग्रामसभेने एक कागद द्यावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: पाणी किती माणसांचे, कोणती पिके घेणार आणि कोणती नाही, पाऊस निम्मा झाला तर कोणाचा वाटा किती कमी होणार, आणि भूमिहीनाला काय मिळणार. बोअरवर बंदी घालणारे, पाण्याचा ताळेबंद मांडणारे हिवरे बाजार या राज्यातच आहे, तेव्हा हे जमत नाही असे कोणी म्हणू नये. इतक्या अटी घातल्या तर निम्मी गावे अर्जच करणार नाहीत, असे मला एका अधिकाऱ्याने सांगितले. करू नयेत. त्यांच्या वाट्याचे पैसे उरलेल्या गावांतल्या पाटकऱ्यांच्या पगाराला द्यावेत.